जे खात न्हाई, ते इकायचं न्हाई

आमच्या मोहपाणीच्या चारोळी केंद्रात भिंतीवर लचमाबाई टेकामचा फोटो लावलाय. खाली रंगानं लिहिलंय, 'प्रेमळ मार्गदर्शक'. लिहिणारा पेंटर नांदेडचा. त्यानं तिला जिवंत कधी पाहिलं नाही. फोटोत ती हसून राहिली असं बघणाऱ्याला वाटतं. ते हसणं नव्हे. फोटो काढणारा 'हसा मावशी' म्हणाला, तेव्हा तिनं त्याला शिवी द्यायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्यानं बटण दाबलं. मी शेजारीच उभा होतो. शिवी कोणती ते लिहीत नाही.

मी पेंटरला म्हटलं, "ते प्रेमळ पूस."

तो म्हणाला, "बाबा, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं."

"चांगलंच लिही. खोटं कशाला लिहितो?"

त्यानं पुसलं नाही. म्हणून मी हे लिहायला बसलो. मी तिसरीपर्यंत शिकलो. माझी ओळ वाकडी जाते, पण मी माझ्या शब्दाचा सरळ आहे. लचमाबाई प्रेमळ नव्हती. तिच्याइतकं कठोर माणूस मी सत्तर वर्षांत दुसरं पाहिलं नाही, आणि आज आमच्या पोरी जात्यावर बसून चार घास खातात ते त्या कठोरपणाचे खातात. आधी एवढं कबूल करा, मग फोटोला हार घाला.

मी मोहपाणीचा पटला. आम्हा गोंडांच्या वस्तीला गुडा म्हणतात आणि गुड्याच्या मुख्य माणसाला पटला. माझा बाप होता, मग मी झालो. सरकारनं सरपंच केले, समित्या केल्या, अध्यक्ष केले, पण देवापुढची पंगत अजून माझ्या हातानं वाढली जाते. लचमाबाई माझ्या चुलतभावाची, भीमाची बायको. मी तिला वैनी म्हणायचो. तिनं मला दीर म्हणून मान द्यायला पाहिजे होता. ती मला 'खुर्ची' म्हणायची.

झालं होतं असं, की किनवटला एका मिटिंगला आम्ही दोघं गेलो. एकच खुर्ची रिकामी होती. मी बसलो. पटला आहे, बसणारच. ती खाली फरशीवर उकिडवी बसली आणि माझ्याकडं बघत राहिली. त्या दिवसापासून माझं नाव गेलं. "खुर्ची आली का?" "खुर्चीला इचारा, तिला चार पाय हायत, लवकर जाऊन यील." माझ्या सुनांसमोर, माझ्या व्याह्यासमोर. मी दोन वर्षं तिच्या अंगणात पाय ठेवला नाही. तिला फरक पडला नाही.

दिसायला बुटकी, हाडाची. खालच्या ओठात तंबाखू. हातानं काही दाखवायची नाही, हनुवटीनं दाखवायची, माणूस असो की डोंगर. पुढच्या दोन दातांत एक बारीक खाच होती. जन्मभर पिकल्या चारोळीचं कवच त्याच दातांत धरून फोडलेलं, म्हणून. आणि तारीफ म्हणून तिच्याकडं एकच शब्द होता, 'चालतं'. पोराचं लग्न केलं, तेव्हा बायांनी विचारलं, "सून कशी हाय गं?" म्हणाली, "चालते." त्या सुनेनं, सुमननं, ते ऐकलं आणि दिवसभर हरखून फिरली. एवढ्यावर हरखायला शिकवलं होतं सासूनं.

आता चारोळीचं सांगतो, त्याशिवाय बाई कळायची नाही.

आमच्यात रीत आहे. कोणतंही नवं फळ देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. आंबा असो, मोहाची फुलं असोत, चारं असोत. चारं म्हणजे चारोळीच्या झाडाची फळं. चैत्रात हिरवी असतात, वैशाखात काळी पडतात. वरचा गर खायचा, आतली बी धुऊन वाळवायची, बी फोडली की चारोळी. चारं काळी पडली की आमचा पुजारी दिवस सांगतो, सारा गुडा देवाजवळ जमतो, पूजा होते, पंगत बसते. त्याला आम्ही 'नवं' म्हणतो. नवं होईपर्यंत कुणी एक फळ चाखत नाही. मी कधी चाखलं नाही. माझ्या बापानं नाही.

पण रीत खाण्याची होती. तोडण्याची नव्हती, विकण्याची तर नव्हतीच. ज्या म्हाताऱ्यांनी रीत घातली त्यांनी चारोळी कधी विकलीच नव्हती. पुढं बाजारात तिला गिऱ्हाईक आलं आणि लोक चैत्रातच हिरवी चारं ओरबाडू लागले. आपण थांबलो तर दुसरा नेईल. हात पोचत नाही? फांदी तोड. देवाचं काही मोडलं असं कुणाला वाटत नव्हतं. तोंडात तर घातलं नाही ना, मग झालं. आणि त्या हिरव्याचं बी तोंडात घालत नव्हतो म्हणूनच, आपण काय विकून राहिलो ते आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. किनवटच्या आठवडी बाजारात व्यापारी टोपली बघून तोंड वाकडं करायचा, बदल्यात मीठ-मिरचीच्या चार जिनसा पुढं टाकायचा. आम्ही त्याला लुटारू म्हणत परत यायचो. सगळ्यात मोठ्यानं मी म्हणायचो.

लचमाबाईचा पोरगा दरसाल निलंग्याकडं ऊसतोडीला जायचा. आमचा अर्धा गुडाच जायचा. येताना त्यानं अहमदपूरला एका आडत दुकानात चारोळीची पोती पाहिली. घरी येऊन सांगितलं. लचमाबाई म्हणाली, "मधला माणूस कशाला? मीच नेते." दोन पोती घेऊन ती निघाली. बाईमाणूस एकटी कशी जाईल म्हणून मीही निघालो. खरं म्हणजे तिला मोठा भाव मिळाला आणि मी तिथं नसलो, तर पटला कसला मी?

दोन एसट्या बदलून अहमदपूर. दुकानदार कपाळाला भस्म लावलेला, पोट सुटलेला, बोलायला गोड. पाणी दिलं. मग पोत्यात हात घातला, चार बिया फोडल्या, एक दाताखाली धरली आणि थुंकला.

"बाई, किती वर्सं हा धंदा करून राहिल्या?"

"जल्म गेला."

"आन् हा असला माल जल्मात एकदा तरी चाखून बघितला का?"

त्यानं ओंजळभर दाणे काढले आणि दुकानासमोरच्या गटारात टाकले. सगळे पाण्यावर तरंगले. रस्त्यावरचे दोघं-तिघं हसले. "बघा. आत जीवच न्हाई. फुसकं. हिरवं तोडलं की वाळल्यावर असंच व्हतं. किनवटवाला कसा घेतो देव जाणे, दुसऱ्यात मिसळून खपवत असंल." मग त्यानं आतून दुसरा एक दाणा आणून तिच्या हातावर ठेवला, गोल, भरलेला. "ही चारोळी. हे तुम्ही आणलं ते टरफल. खाऊन तर बघा तुमचीच."

"खाता येत न्हाई. आमचं अजून नवं झालं न्हाई," लचमाबाई म्हणाली.

त्याला मी रीत समजावून सांगितली. तो आधी ऐकत राहिला आणि मग मांडीवर थाप मारून हसला. "म्हंजी जे तुम्ही सोता खात न्हाई, ते आमाला इकता! वा रे देव!"

वाईट मनाचा नव्हता तो. पण मला लई लागलं. मी दोन्ही पोती तिथंच गटारात उलटवायला निघालो. लचमाबाईनं अडवलं. तिनं पोती पुन्हा बांधली, डोक्यावर घेतली आणि स्टँडकडं चालू लागली. नांदेडच्या स्टँडवर म्हणाली, "खुर्ची, तू पटला हायस. व्यापारी लुटतो म्हणून तू जल्मभर वरडलास. त्यो लुटत न्हवता रे. आपण त्याला टरफल देऊन राहिलो व्हतो."

त्याच सुमाराला आमच्या जंगलाच्या हक्काचा कागद गुड्याच्या नावानं आला होता. म्हणजे जंगल सांभाळायचं आम्ही, त्यातलं विकायचंही आम्ही. पण त्याआधी आराखडा करा, असं वरून सांगणं. एका संस्थेचा साहेब यायचा. तरुण, घाम पुसत डोंगर चढून यायचा, मी त्याला नावं ठेवत नाही. देवाजवळच्या चिंचेखाली सगळ्यांना बसवलं आणि जंगलावर कोणकोणते रोजगार उभे करायचे ते वाचून दाखवलं. मधाच्या पेट्या. पत्रावळीचं मशीन. शिवणयंत्रं. मुलींना ब्युटी पार्लरचं ट्रेनिंग.

"आमच्या पोरींच्या तोंडाला काय झालं?" लचमाबाईनं विचारलं.

बाया हसल्या. साहेबही हसला. "मावशी, तसं नाही. रोजगार पाहिजे ना? किती दिवस ऊस तोडायला जाणार?"

"रोजगार झाडावर हाय. त्यो पिकायच्या आत आमी तोडून राहिलो, म्हणून पोरं ऊस तोडायला जातात. लिही."

"काय लिहू?"

"जे आपण खात न्हाई, ते इकायचं न्हाई."

"एवढंच?"

"एवढं पाळून दाव."

साहेबानं आराखडा चाळीस पानांचा केला. तिचं वाक्य त्यात कितव्या पानावर आहे मला माहीत नाही. पण गुड्यात त्या दिवशी ठरलं ते तिच्या तोंडचं ठरलं. नवं होईपर्यंत कुणी चारं तोडायची नाहीत. फांदी मोडायची नाही. पाळीपाळीनं राखण करायची. जो तोडेल त्याची टोपली ओढ्यात उलटवायची आणि त्या साली त्याला नव्याच्या पंगतीत पान नाही.

हे शेवटचं वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल. आमच्यात ज्याला नव्याच्या पंगतीत पान नाही, त्याला पुढचं नवं होईपर्यंत जंगलातलं काही खाता येत नाही. आंबा नाही, मोह नाही, कंद नाही. जंगलात राहून जंगल बंद. मी म्हटलं, "वैनी, दंड दुसरा काही ठेव. हे लई होतं." ती म्हणाली, "लई व्हावं म्हणूनच ठिवलं."

पहिल्या साली आम्ही थांबलो. चैत्र गेला, झाडं भरलेली, एकानं हात लावला नाही. आणि नव्याला चार दिवस राहिले असताना खालच्या वाडीतले लोक वर आले आणि एका दिवसात सगळी झाडं बोडकी करून गेले. त्यांना आमची रीत नव्हती. आमची राखण दोघा म्हाताऱ्यांची, ते काय अडवणार?

त्या साली नव्याच्या पूजेला पुजाऱ्याला मूठभर पिकलेली चारं शोधायला अर्धा दिवस लागला. मी सगळ्यांसमोर लचमाबाईला म्हटलं, "तुझ्या नियमानं लेकरांच्या तोंडचं गेलं. जल्मभर तो नियमच दाताखाली धर आता." मी असं बोललो, ते लपवत नाही. संध्याकाळी बायांनी रिकाम्या टोपल्या आणून तिच्या दारात फेकल्या. ढीग झाला. दुसरी असती तर रडली असती. लचमाबाईनं महिनाभर त्याच टोपल्या जाळून स्वयंपाक केला. कुणी मागायला आली तर म्हणायची, "सरपण लई चांगलं दिलंस गं."

पुढच्या साली नव्याच्या आधी ती खालच्या वाडीला गेली, गणपतरावाच्या घरी. आता हा गणपतराव कोण ते सांगितलं पाहिजे. वाडीतला वजनदार माणूस. फार वर्षांपूर्वी भीमानं बांबूची एक मोळी आणली, ते या गणपतरावानं जंगलखात्याच्या नाक्यावर जाऊन सांगितलं. भीमाला धरून नेलं. परत आला तो छाती धरून आला आणि पावसाळा संपायच्या आत गेला. लचमाबाई त्यानंतर त्या वाडीचं पाणी कधी प्यायली नव्हती. त्या दिवशी ती गणपतरावाच्या ओट्यावर उकिडवी बसली आणि म्हणाली, "चारोळी फोडायचं केंद्र व्हनार हाय. जेवढी जाती मांडू त्यातल्या अर्ध्यांवर तुमच्या वाडीच्या बाया बसतील. तुम्ही नव्याला जेवायला या."

गुड्यात आग लागली. चोरी करून नेली त्यांनाच निम्मं काम? ती म्हणाली, "राखणीला डोळे किती ठिवशील खुर्ची? ज्यानं आपल्या देवापुढं नवं खाल्लं, त्यो आपल्या देवाला बांधला गेला. मग त्याचे डोळे आपल्या राखणीला."

बुद्धी म्हणून ते बरोबर होतं, हे आज सांगतो. तेव्हा मी सांगितलं, "गणपतरावाच्या पानात माझा हात वाढणार नाही. भीमा माझा भाऊ होता."

"माझा कोण व्हता?" ती म्हणाली. "बाजूला सर. मी वाढते."

आमच्यात बाईनं देवापुढची पंगत वाढायची नसते. त्या दिवशी तिनं वाढली. गणपतराव पहिल्याच पानावर बसला होता, वाडीची सात-आठ माणसं त्याच्या मागं. लचमाबाई द्रोणात काळी चारं घेऊन त्याच्यापुढं आली, वाकली, वाढली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जेव, गणपतराव. माझ्या नवऱ्याच्या वाट्याचं पान हाय."

त्याच्या हातातलं फळ तोंडापर्यंत जाईना. ती हलली नाही. तशीच वाकून उभी राहिली. शेवटी त्यानं खाल्लं. चावताना त्याच्या डोळ्यातून पाणी आलं, ते आंबट फळाचं की कशाचं मला माहीत नाही. त्यानं सगळं संपवलं तेव्हा ती सरळ झाली. पुढच्या चैत्रात वाडीतला एक जण रानात शिरला, तर गणपतरावानं स्वतः त्याला दंडाला धरून वर आणला आणि टोपली ओढ्यात उलटवायला लावली. लचमाबाई बघायला आली होती. म्हणाली, "चालतं."

त्या साली आम्ही पहिल्यांदा काळी चारं विकली. तीच दोन एसट्यांची वाट, तेच अहमदपूरचं दुकान. दुकानदारानं दाणा दाताखाली धरला आणि या वेळी थुंकला नाही. दुसरा फोडला, तिसरा फोडला. मग पोतं मागायला लागला. लचमाबाईनं त्याला विचारलं, "गटार कुठं गेलं?" त्यावर आता फरशी बसवली होती. तिला वाईट वाटलं असावं.

इथवर ऐकून लोक म्हणतात, किती मोठी बाई. आता सुमनचं ऐका.

केंद्र उभं राहून तिसरं साल. चैत्र. लचमाबाईचा पोरगा अजून ऊसतोडीलाच होता, कारण केंद्रात पुरुषांना काम नव्हतं. सुमनला एक दीड वर्षाचं लेकरू. तिच्या माहेरून, नायगावकडच्या एका वाडीतून, निरोप आला की आई मरायला टेकली. हातात काही नाही. सासूकडं मागायची हिंमत नाही. तिनं एक टोपली हिरवी चारं तोडली, म्हणजे किनवटच्या बाजारात टाकून तशीच एसटी धरता येईल. राखणीवर त्या दिवशी खालच्या वाडीच्या दोन बाया होत्या. त्यांनी धरलं.

खरं म्हणजे त्या सोडायला तयार होत्या. सुमन त्यांच्याच शेजारच्या जात्यावर बसणारी. त्यांनी लचमाबाईला हळूच सांगितलं, की माय, आम्ही पाहिलं नाही म्हणतो. लचमाबाईनं सगळ्यांना ओढ्यावर बोलावलं. सुमनच्या हातातून टोपली घेतली आणि उलटवली. दाणा दाणा वाहून गेला. सुमन म्हणाली, "आत्याबाई, माझी माय मरून राहिली वो."

"मरू दे. सगळ्यांच्या मायी मरतात."

सुमन आईला बघायला जाऊ शकली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, आई गेली. गुड्यातून काही तरी जमवून तिला पाठवायला पाहिजे होतं. कुणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. सगळे लचमाबाईच्या तोंडाकडं बघत होते.

वैशाखात नवं झालं. पंगतीच्या बाहेर, चिंचेच्या मुळाशी, सुमन लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. बसायचंच असतं, घरी थांबता येत नाही. मी वाढत होतो. लेकरानं काळी चारं पाहिली आणि हात पुढं केला. तळवा उघडा, बोटं हलवत. तोंडानं काही तरी म्हणत होतं. माझा हात द्रोणात गेला होता. मी लचमाबाईकडं बघितलं आणि म्हटलं, "वैनी, तिचं जाऊ दे. लेकराला तरी वाढू."

ती म्हणाली, "आज लेकराला वाढशील, तर उद्या परत्येक बाई लेकरू कडेवर घिऊनच रानात जाईल."

मी पुढच्या पानावर गेलो.

सुमन दुसऱ्या दिवशी सकाळी लेकराला घेऊन माहेरी गेली. पोरगा ऊसतोडीहून परत आला, एक रात्र आईच्या घरात राहिला, आईशी बोलला नाही, आणि बायकोकडं निघून गेला. नायगावकडंच कुठं तरी वीटभट्टीवर राहतात असं ऐकलं. परत आले नाहीत. लचमाबाईनं बोलावलं नाही.

पण त्यानंतर आमच्या जंगलात हिरव्या चारोळीला कुणी हात लावला नाही. एकानंही नाही. गणपतरावाच्या वाडीतलेसुद्धा म्हणायचे, जिनं आपल्या नातवाला दिलं नाही ती आपल्याला सोडेल काय? झाडांचं बी पडू लागलं, खाली रोपं उगवू लागली, तशी मी लहानपणी पाहिली होती. केंद्रातली जाती वाढली. ऊसतोडीला जाणारी घरं कमी झाली. लचमाबाई केंद्राच्या उंबऱ्यावर पाठ लावून बसायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, "तिसरं जातं जड चालून राहिलं, दाणा चुरतो. वरची पाळू उचल." आत जाऊन बघितलं की तसंच असायचं. बाया तिला भ्यायच्या. तिच्यासाठी कुणी भाकरी आणून ठेवायची, पण तिच्याजवळ बसून खात नसे कुणी.

मग तिचं डोकं जायला लागलं. आधी कुणी ओळखलं नाही, कारण ती बोलायचीच कमी. मला एकदा भीमा म्हणाली. मी म्हटलं, "वैनी, मी खुर्ची." हे मी माझ्या तोंडानं म्हटलं. ती म्हणाली, "कोण खुर्ची?" जात्याच्या आवाजावर बोट ठेवायचं बंद झालं. संध्याकाळी वाटेवर उभी राहून पोराचं नाव घेऊन हाका मारायची.

मागच्या चैत्रात राखणीची पाळी माझी होती, संगं वाडीच्या दोन बाया. दुपारची वेळ. चारोळीच्या झाडाखाली लचमाबाई उभी होती. लुगड्याचा ओचा हिरव्या चारांनी भरलेला. आम्हाला पाहून लपली नाही. उलट हनुवटीनं फांदी दाखवली आणि म्हणाली, "वरची काढून दे. माझी माय मरून राहिली."

बायांनी माझ्याकडं बघितलं. एक म्हणाली, "पटला, तिला कुठं काय कळतं? सोडा." मीही तेच म्हणणार होतो. पण तिला घेऊन गुड्यात गेलो तर तिथं बातमी आधीच पोचली होती, माणसं जमली होती. निम्मे म्हणत होते सोडा, निम्मे गप्प. त्या गप्प बसलेल्यांतून एक तरणी बाई म्हणाली, "सुमनला सोडलं व्हतं का?"

मला दिसत होतं, आज सोडलं की पुढच्या चैत्रात कुणाची माय मरेल, कुणाचं डोकं जाईल, आणि दोन सालात पुन्हा बोडकी झाडं आणि निलंग्याचा ऊस. आणि आणखी एक गोष्ट, ती लपवली तर हे सगळं लिहिणं फुकट. मला 'खुर्ची' आठवलं. माझ्या सुनांसमोरचं.

मी तिला ओढ्यावर नेलं, तिचा ओचा सोडला आणि हिरवी चारं ओढ्यात टाकली. ती बघत राहिली. दाणे पुढं गेले तशी दोन पावलं त्यांच्यामागं गेली आणि थांबली.

वैशाखात नवं झालं. चारं त्या साली इतकी लगडली होती की पुजाऱ्याला शोधावं लागलं नाही, झाडाखाली उभं राहून हात वर केला की झालं. वाडी आली, गुडा बसला. गणपतराव आता काठी टेकत येतो, तो पहिल्या पानावर. लचमाबाईला बायांनी आणून चिंचेच्या मुळाशी बसवलं. तिची मांडी पसरलेली, मांडीवर काही नाही, पण एक हात तिथं धरलेला, जसं काही निसटू नये.

मी वाढत तिच्याजवळून गेलो. तिनं दुसरा हात पुढं केला. तळवा उघडा. बोटं हलत होती.

"माझं जाऊ दे," ती म्हणाली. "लेकराला तरी वाढा."

सगळी पंगत थांबली. गणपतरावानं हातातलं फळ पानात ठेवलं. माझा हात द्रोणात होता, चारांचा रस बोटांना लागला होता. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. द्रोणाकडं बघत होती.

मी पुढच्या पानावर गेलो.